खूप लाल नव्हे, लालभडक : इंग्रजीतली जोरकस विशेषणं अंगवळणी कशी पाडावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘माझ्या इंग्रजी लिखाणात ओळीओळीला “व्हेरी” येतं. व्हेरी गुड, व्हेरी बिग, व्हेरी सॅड. त्याऐवजी जोरकस विशेषणं वापरावीत असं सांगितलं गेलं, म्हणून शंभर शब्दांची यादी पाठ केली. आता लिहिलेलं वाचणाऱ्याला ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, आणि बोलताना तर त्या यादीतला एकही शब्द वेळेवर आठवत नाही. माझं चुकतंय कुठे?’

मी वीसहून अधिक वर्षं मराठी माध्यमातून शिकलेल्यांना इंग्रजी शिकवते आहे, आणि हा प्रश्न मला दर वर्षी भेटतो. मेहनत कमी पडलेली नाही, हे आधी सांगते. शंभर शब्द पाठ करणं सोपं काम नव्हे. चूक यादीच्या मांडणीत आहे. डावीकडे ‘व्हेरी टायर्ड’, उजवीकडे ‘इग्झॉस्टेड’, मध्ये बरोबरची खूण. त्या खुणेमुळे मनात असं बसतं की डावीकडचं खोडून उजवीकडचं लिहिलं की काम झालं. शब्द असे नाण्यांसारखे एकमेकांत मोडता येत नाहीत. आणि गंमत म्हणजे, हे प्रत्येक मराठी माणसाला आपल्या भाषेत पक्कं ठाऊक असतं.

लाल रंग घ्या. ‘खूप लाल’ आणि ‘लालभडक’ यांत फरक आहे. ‘खूप लाल’ म्हणताना आपण रंगाचं प्रमाण सांगतो. ‘लालभडक’ म्हटलं की रंग डोळ्यांवर येतो. तसंच हिरवंगार, पिवळंधमक, निळंशार, पांढरंशुभ्र, काळंकुट्ट. आता एक गोष्ट पाहा. ‘पांढरंकुट्ट’ किंवा ‘काळंशुभ्र’ असं तीन वर्षांचं मूलसुद्धा म्हणत नाही. कपडे ओलेचिंब होतात, विहीर कोरडीठाक पडते, काळोख मिट्ट असतो, भांडं तुडुंब भरतं. माणूस ठार बहिरा असतो, ठार वेडा असतो. ठार हुशार कधीच नसतो. हे आपल्याला कुणी यादी देऊन शिकवलेलं नाही. आपण ते शब्द जोडीनेच ऐकले, म्हणून ते जोडीनेच तोंडात येतात.

आणखी एक बारकावा. ‘खूप काळाकुट्ट’ कानाला खटकतं, कारण ‘कुट्ट’मध्ये ‘खूप’ आधीच आलेलं आहे. ‘थोडासा काळाकुट्ट’ तर म्हणताच येत नाही. पण ‘अगदी काळाकुट्ट’ सहज चालतं. इंग्रजीतल्या जोरकस विशेषणांचं सगळं व्याकरण या तीन उदाहरणांत आहे. ‘टायर्ड’, ‘कोल्ड’, ‘बिग’, ‘हंग्री’ ही चढउतार होऊ शकणारी विशेषणं. त्यांना ‘व्हेरी’, ‘फेअरली’, ‘अ बिट’, ‘एक्स्ट्रीमली’ लागतात. ‘इग्झॉस्टेड’, ‘फ्रीझिंग’, ‘इनॉर्मस’, ‘स्टार्व्हिंग’ ही टोकाची विशेषणं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर ती आधीच उभी आहेत, त्यामुळे ‘व्हेरी इग्झॉस्टेड’ किंवा ‘अ बिट फ्रीझिंग’ हे ‘खूप काळाकुट्ट’सारखं ऐकू येतं. यांना जोर द्यायचा तर आपल्या ‘अगदी’च्या जागी येणारे शब्द लागतात : ‘ॲब्सल्यूटली फ्रीझिंग’, ‘कम्प्लीटली इग्झॉस्टेड’, ‘अटर्ली रिडिक्युलस’. ‘अटर्ली’ बहुधा वाईट अर्थाच्या शब्दांशी रमतं, हे लक्षात ठेवा. ‘रिअली’ मात्र दोन्हीकडे चालतं; ‘रिअली टायर्ड’ही बरोबर आणि ‘रिअली इग्झॉस्टेड’ही. बोलताना गोंधळ उडाला तर ‘रिअली’ वापरून पुढे जा.

‘क्वाइट’पासून जरा जपून. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘क्वाइट गुड’ म्हणजे बऱ्यापैकी, ठीक. पण ‘क्वाइट ब्रिलियंट’ म्हणजे निव्वळ अप्रतिम. शब्द तोच, पण पुढचं विशेषण साधं की टोकाचं यावर त्याचा अर्थ फिरतो. अमेरिकी माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा त्याला बहुतेकदा ‘चांगलंच’ असं म्हणायचं असतं. एखाद्याच्या कामाला शाबासकी देताना हा शब्द टाळलेला बरा.

आता शब्दांच्या पोटात शिरूया, कारण माझ्या मते शब्द लक्षात राहण्याचा खरा मार्ग तिथून जातो. यादीत ‘इग्झॉस्टेड’ हा नुसता ‘खूप थकलेला’ असतो. पण त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आहे उपसून काढणं, पाणी उपसतात तसं. म्हणजे विहीर उपसून तळ दिसावा तसा माणूस. एकदा हे चित्र डोळ्यांसमोर आलं की दोन जिने चढून आल्यावर तुम्ही हा शब्द वापरणार नाही, आणि रात्रभर आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर तो आपोआप आठवेल. जाता जाता उच्चार : यातला ‘एच’ मुका आहे, ‘एक्झहॉस्टेड’ असं म्हणू नका.

‘पेट्रिफाइड’ हा ‘खूप घाबरलेला’च्या रांगेत असतो. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे खडक आहे. भीतीने दगड झालेला, जागच्या जागी थिजलेला. म्हणून किंचाळत पळत सुटलेल्या माणसाला ‘टेरिफाइड’ म्हणणं जास्त योग्य; ‘पेट्रिफाइड’ तो, ज्याचे पायच उचलत नाहीत. ‘अस्टॉनिश्ट’च्या पोटात लॅटिनमधला मेघगर्जनेचा शब्द दडलेला आहे : वीज कडाडल्यावर सुन्न व्हावं तसं. ‘लिव्हिड’ मूळचा रंगाचा शब्द, मार बसल्यावर कातडीवर उठणाऱ्या काळ्यानिळ्या वळाचा. त्यावरून तो रागाने रंग पालटलेल्या चेहऱ्याकडे आला. ‘इनॉर्मस’मध्ये ‘नॉर्मा’ आहे, म्हणजे सुताराचा गुण्या. जे मापात बसत नाही, गुण्याच्या बाहेर गेलं, ते ‘इनॉर्मस’. म्हणूनच त्याचं भावंड ‘इनॉर्मिटी’ हा शब्द नीट इंग्रजीत आजही मोठ्या आकारापेक्षा घोर दुष्कृत्यासाठी जास्त वापरला जातो. ‘डिव्हॅस्टेटेड’ म्हणजे उद्ध्वस्त केलेलं, लुटून ओसाड केलेलं गाव. दुःखाने तशी अवस्था झालेला माणूस. पेन हरवलं म्हणून कुणी ‘डिव्हॅस्टेटेड’ होत नाही. आणि ‘रॅव्हनस’ दिसायला ‘रेव्हन’ या काळ्या पक्ष्यासारखा असला तरी त्याचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही; तो ओरबाडणं, लुटणं या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला. म्हणून ‘रॅव्हनस’ भुकेत अधाशीपणा आहे, तर ‘फॅमिश्ट’ भुकेत खंगणं आहे, कारण त्याच्या मुळाशी उपासमार हा अर्थ आहे.

खुद्द ‘व्हेरी’चं काय? तोही एके काळी दमदार शब्द होता. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’ असा होता. ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे नेमका तोच माणूस, या वापरात तो अर्थ अजून शिल्लक आहे. आपण ‘खरंच सांगतो’ म्हणून जोर देतो, तसाच ‘व्हेरी’चा जोर होता. वापरून वापरून तो झिजला. म्हणून त्याच्यावर रागावू नका, पण त्याच्याकडून फार मोठ्या कामाची अपेक्षाही करू नका.

झीज फक्त ‘व्हेरी’चीच झाली नाही. ‘टेरिफिक’ म्हणजे मूळचा भीतिदायक. आज त्याचा अर्थ ‘झकास’. ‘ऑफुल’ म्हणजे दबदबा वाटावा असा. आज ‘अगदी वाईट’. भावना टोकाची असली की भाषा हाताशी असेल तो टोकाचा शब्द उचलते, आणि हळूहळू त्याची मूळ धार जाते. मराठीत आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तेव्हा त्यात भय कुठे उरलेलं असतं? त्यामुळे मूळ अर्थ हा शब्द लक्षात ठेवण्याचा आधार आहे, वापराचा कायदा नव्हे. ‘टेरिफिक’चं मूळ माहीत आहे म्हणून कुणी भुताला ‘टेरिफिक’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते भूत आवडलं असंच वाटेल.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग : शब्दांची सोबत. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हा विचार फार नेमका मांडला होता, की शब्द कसा आहे हे तो कुणाच्या संगतीत वावरतो त्यावरून कळतं. इंग्रजी शिकवणारे आज ज्याला ‘कोलोकेशन’ म्हणतात ती हीच संगत. माझ्याकडे एका मुलाने निबंधात वडिलांबद्दल मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं, ‘माय फादर इज अ नटोरियस डॉक्टर’. यादीत ‘व्हेरी फेमस’समोर ‘रिनाउन्ड’, ‘सेलिब्रेटेड’, ‘एमिनंट’, ‘नटोरियस’ असे चार शब्द ओळीने दिले होते. त्याने चौथा उचलला. ‘नटोरियस’ म्हणजे कुप्रसिद्ध, हे यादीने त्याला सांगितलंच नव्हतं. तो निबंध मी अजून विसरलेले नाही, कारण चूक त्याची नव्हती.

मराठी माणसाला या सोबतीचा खरा अडसर कुठे होतो, तर आपल्या काही विशेषणांचा संसार फार मोठा आहे तिथे. ‘मोठा’ हा शब्द पाहा. मोठा आवाज इंग्रजीत ‘लाउड’, मोठा पाऊस ‘हेवी’, मोठा भाऊ ‘एल्डर’, मोठी चूक ‘सीरियस’ किंवा ‘ग्रेव्ह’, मोठं मन ‘जनरस’, मोठा रस्ता ‘वाइड’, मोठा माणूस कधी ‘ग्रेट’, तर कधी ‘इम्पॉर्टंट’. आता या प्रत्येकाचा जोर वाढवायचा तर वाट वेगळी. आवाज ‘डेफनिंग’ होतो, पाऊस ‘टॉरेन्शल’, चूक ‘कटॅस्ट्रॉफिक’, रस्त्याला मात्र साधं ‘व्हेरी वाइड’च पुरतं. या सगळ्यांसमोर ‘मोठा’ म्हणून ‘बिग’ धरलं, आणि ‘बिग’चा जोरकस अवतार म्हणून ‘जायगँटिक’ लावलं, की ‘जायगँटिक रेन’ आणि ‘जायगँटिक स्पीच’ अशा जोड्या जन्माला येतात. ‘कडक’चंही तेच. कडक शिस्त ‘स्ट्रिक्ट’, कडक ऊन ‘हार्श’ किंवा ‘स्कॉर्चिंग’, कडक शब्द ‘हार्श’ किंवा ‘सिव्हिअर’, कडक कापड ‘स्टिफ’, कडक थंडी ‘बिटर’. म्हणून माझा आग्रह असा, की विशेषण कधीच एकटं लिहून घेऊ नका. नामाचा हात धरूनच ते वहीत आलं पाहिजे.

‘स्ट्राँग’च्या बाबतीतही हेच. टेबल ‘स्टर्डी’ असतं, इंजिन ‘पॉवरफुल’, व्यवस्था ‘रोबस्ट’, कुस्तीगीर ‘मस्क्युलर’. चौघेही भक्कम, पण भक्कमपणाची जात निराळी.

इंग्रजीत आपल्या लालभडक, कोरडाठाक या जोडशब्दांसारखेही शब्द आहेत, आणि मराठी माणसाने ते आधी शिकावेत असं मला वाटतं, कारण घडण ओळखीची आहे. कोरडाठाक म्हणजे ‘बोन ड्राय’, हाडासारखं कोरडं. ओलाचिंब ‘सोकिंग वेट’. मिट्ट काळोख असेल तर ‘पिच डार्क’. इथला ‘पिच’ म्हणजे डांबरासारखा काळा पदार्थ, खेळपट्टी नव्हे. ठार बहिरा ‘स्टोन डेफ’. नवाकोरा ‘ब्रँड न्यू’, आणि यातला ‘ब्रँड’ म्हणजे कंपनीची छाप नसून जुन्या इंग्रजीतला अग्नी आहे : भट्टीतून नुकतंच बाहेर आलेलं. गाढ झोपलेला ‘फास्ट अस्लीप’, टक्क जागा ‘वाइड अवेक’. इथे अदलाबदल चालत नाही. ‘वाइड अस्लीप’ म्हणजे ‘काळंशुभ्र’.

टोकाच्या शब्दांच्या मोहात एक नुकसान होतं, त्याबद्दल सावध करते. शिडीला वरच्या पायऱ्या असतात तशा खालच्याही असतात, आणि शब्दसंपत्तीतला निम्मा खजिना तिथे असतो. रागाची शिडी पाहा. ‘अनॉइड’ म्हणजे वैतागलेला, ‘इरिटेटेड’ म्हणजे चिडचिडलेला, मग ‘अँग्री’, मग ‘फ्युरिअस’, ‘लिव्हिड’. ओलेपणात ‘डॅम्प’ म्हणजे दमट, ‘मॉइस्ट’ म्हणजे किंचित ओलसर, ‘वेट’, मग ‘सोक्ट’ आणि ‘ड्रेंच्ट’. थंडीत ‘कूल’, ‘चिली’, ‘कोल्ड’, ‘फ्रीझिंग’. नुसती भूक चाळवली असेल तर ब्रिटिश बोलीत ‘पेकिश’ असा सुंदर शब्द आहे. ज्याला फक्त ‘अँग्री’ आणि ‘फ्युरिअस’ एवढंच येतं, त्याच्या लिखाणात माणसं एक तर रागावलेली असतात नाही तर संतापाने पेटलेली. प्रत्यक्षात बहुतेक माणसं बहुतेक वेळा नुसती वैतागलेली असतात. वर्णन खरं हवं असेल तर खालच्या पायऱ्या आधी शिका.

शिवाय एकाच पायरीवर उभ्या असलेल्या शब्दांत आदर-अनादराचा फरक असतो. बारीक माणसाला ‘स्लिम’ किंवा ‘स्लेंडर’ म्हटलं की कौतुक, ‘स्किनी’ म्हटलं की थोडं हिणवणं, ‘गॉन्ट’ म्हटलं की आजारपणाची किंवा उपासाची छाया, ‘इमेशिएटेड’ म्हटलं की हाडांचा सापळा. म्हाताऱ्या माणसाला आदराने ‘एल्डर्ली’ म्हणतात. ‘एन्शंट’ हा ‘व्हेरी ओल्ड’समोर यादीत दिसतो खरा, पण तो अवशेषांना, संस्कृतींना, हस्तलिखितांना शोभतो. जिवंत आजोबांना तो लावला तर अपमान होतो.

व्याकरणातल्या दोन खाचखळग्यांबद्दल थोडक्यात. पहिली खाच ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’ची. टोकाची पुष्कळ विशेषणं क्रियापदांवरून बनलेली असल्यामुळे ती जोडीने येतात : ‘इग्झॉस्टेड’ माणूस, ‘इग्झॉस्टिंग’ प्रवास, ‘टेरिफाइड’ मूल, ‘टेरिफाइंग’ स्वप्न, ‘फॅसिनेटेड’ श्रोता, ‘फॅसिनेटिंग’ कथा. ज्याला वाटतं त्याला ‘ईडी’, जे वाटायला लावतं त्याला ‘आयएनजी’. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणणारा स्वतःलाच कंटाळवाणा ठरवतो. नवा भारी शब्द घेतला तरी तीच चूक सोबत येते. दुसरी खाच शब्दयोगी अव्ययांची. माणसावर ‘फ्युरिअस विथ’, गोष्टीवरून ‘फ्युरिअस अबाउट’. कशाला तरी ‘टेरिफाइड ऑफ’. गर्दीने ‘पॅक्ट विथ’. विशेषण आठवलं आणि पुढचा छोटा शब्द अडला, की वाक्य तिथेच लंगडतं.

एक फायदाही सांगते. ‘अफ्रेड’, ‘अस्लीप’, ‘अलोन’ यांसारखे शब्द नामाच्या आधी बसत नाहीत. ‘ॲन अफ्रेड चाइल्ड’ चुकीचं आहे. तिथे ‘अ टेरिफाइड चाइल्ड’ किंवा ‘अ फ्राइटन्ड चाइल्ड’ निमूट बसतं.

प्रसंगाचं भान हा वेगळाच विषय आहे. ‘आय ॲम स्टार्व्हिंग’ हे मित्राला म्हणायचं वाक्य. ‘स्टार्व्ह’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ मरणं असा होता, आणि आजही बातमीत ‘स्टार्व्हिंग’ म्हटलं की ती खरी उपासमार असते. दोन्ही एकाच उताऱ्यात आले तर वाचणाऱ्याला खुपतं. दफ्तरी पत्रात, अहवालात, संशोधनाच्या लिखाणात बोलीतले अतिशयोक्त शब्द चालत नाहीत. तिथला जोर शांत असतो. ‘अ ह्यूज रेझ’ ऐवजी ‘अ सब्स्टॅन्शल इन्क्रीझ’. टंचाई ‘अक्यूट’, दुष्काळ ‘सिव्हिअर’, परिणाम ‘प्रफाउंड’, भूमिका ‘क्रूशल’. परीक्षेच्या तयारीत असणाऱ्यांसाठी : आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन आणि संभाषण या दोन्ही भागांत शब्दसंपत्ती हा चार समान निकषांपैकी एक असतो, आणि त्यात नुसते दुर्मीळ शब्द मोजले जात नाहीत, शैलीचं आणि शब्दांच्या सोबतीचं भानही पाहिलं जातं. चुकीच्या जागी बसवलेला भारी शब्द तिथे उलटतो.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. ती शंभरांची यादी बाजूला ठेवा. तुमचंच गेल्या महिन्याभरातलं इंग्रजी लिखाण घ्या, निबंध, ईमेल, जे असेल ते, आणि प्रत्येक ‘व्हेरी’भोवती गोल करा. माझा अनुभव असा, की गोल खूप निघतात, पण त्यांच्या पुढे येणारी विशेषणं आठ-दहाच असतात. ‘गुड’, ‘बॅड’, ‘बिग’, ‘हॅपी’, ‘इम्पॉर्टंट’, ‘डिफिकल्ट’, ‘इंटरेस्टिंग’ आणि अशीच दोन-चार. तुमचा अभ्यास या आठ-दहांपुरता. इतरांची यादी इतरांच्या गरजांची असते.

त्यातलं एक विशेषण घ्या, समजा ‘हॅपी’. शिकाऊंसाठी असलेला चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. अर्थापेक्षा उदाहरणवाक्यं वाचा. ‘डिलाइटेड’, ‘थ्रिल्ड’, ‘रिलीव्ह्ड’ हे तीनच निवडा. ‘डिलाइटेड’मध्ये सभ्य आनंद आहे, पत्रात चालतो. ‘थ्रिल्ड’मध्ये अंगावर शहारा आणणारी उत्सुकता आहे. ‘रिलीव्ह्ड’ टोकाचा शब्द नाही, पण कित्येकदा आपण ‘व्हेरी हॅपी’ लिहितो तेव्हा प्रत्यक्षात आपल्याला हायसं वाटलेलं असतं! नेमका शब्द कधी कधी मोठ्या शब्दाच्या शेजारी नसतोच, तो बाजूच्या घरात राहतो. मग प्रत्येकाचं एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातून लिहा, खरं घडलेलं. ‘आय वॉज रिलीव्ह्ड व्हेन द रिपोर्ट केम बॅक क्लिअर’ असं वाक्य ज्याने स्वतः भोगलंय त्याला तो शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही. आठवड्याला एक विशेषण, तीन शब्द. तीन महिन्यांत तुमच्या दहाही विशेषणांची सोय लागते.

लिहिताना किती वापरायचे, यालाही उत्तर आहे. समजा मूळ उतारा असा आहे : ‘वी वेअर व्हेरी टायर्ड. द रूम वॉज व्हेरी स्मॉल अँड द शीट्स वेअर व्हेरी डर्टी. माय ब्रदर वॉज व्हेरी अँग्री.’ यादी घेऊन बसलेला विद्यार्थी तो असा सुधारतो : ‘वी वेअर इग्झॉस्टेड. द रूम वॉज मायन्यूट अँड द शीट्स वेअर फिल्दी. माय ब्रदर वॉज लिव्हिड.’ व्याकरण बरोबर, पण चारही शब्द एका पट्टीत ओरडतायत, त्यामुळे एकही ऐकू येत नाही. शिवाय खोलीला ‘टायनी’ म्हणतात. ‘मायन्यूट’ हा कण, फरक, तपशील अशा गोष्टींसाठी. आता मी कसं लिहीन ते पाहा : ‘वी वेअर टायर्ड. द रूम वॉज सो स्मॉल दॅट द डोअर हिट द बेड, अँड द शीट्स वेअर फिल्दी. माय ब्रदर डिड नॉट से अ वर्ड.’ खोली किती लहान ते दाराने सांगितलं. भावाचा राग त्याच्या गप्प बसण्याने सांगितला. ‘फिल्दी’ हा एकच जोरकस शब्द उरला, आणि म्हणून त्या चादरी डोळ्यांसमोर आल्या. एका परिच्छेदात एक, फार तर दोन. जिथे घटना दाखवता येते तिथे विशेषणाला सुट्टी द्या.

आणि ‘व्हेरी’ सरसकट खोडू नका. ‘व्हेरी फ्यू’, ‘व्हेरी लाइकली’, ‘द व्हेरी फर्स्ट’ यांना पर्याय शोधण्यात अर्थ नाही. ‘व्हेरी डिफरंट’ लिहिलं म्हणून कुणी तुमचं इंग्रजी कच्चं समजत नाही. मात्र ‘युनिक’, ‘परफेक्ट’, ‘इम्पॉसिबल’ यांच्याआधी ‘व्हेरी’ नको. एकमेव गोष्ट कमीजास्त एकमेव नसते. तिथे ‘ऑलमोस्ट परफेक्ट’ किंवा ‘निअरली इम्पॉसिबल’ म्हणता येतं.

राहिला बोलण्याचा प्रश्न, शब्द वेळेवर आठवत नाहीत तो. बोलताना ही विशेषणं बहुतेक वेळा समोरच्याच्या शब्दाला उत्तर म्हणून येतात. एकजण विचारतो, ‘आर यू टायर्ड?’ दुसरा म्हणतो, ‘टायर्ड? आय ॲम इग्झॉस्टेड!’ ‘वॉज इट कोल्ड?’ ‘इट वॉज ॲब्सल्यूटली फ्रीझिंग!’ साधा शब्द समोरून येतो, आणि तोच तुमच्या जोरकस शब्दाला ओढून वर आणतो. आवाजही त्या शब्दावर चढतो. सपाट सुरात म्हटलेलं ‘फ्रीझिंग’ खरं वाटत नाही. म्हणून घरात कुणालाही समोर बसवा. त्याने फक्त साध्या विशेषणाचा प्रश्न विचारायचा, तुम्ही वरच्या पायरीवरून उत्तर द्यायचं. रोज पाच मिनिटं, त्या आठवड्याच्या तीनच शब्दांवर. आणि कधीमधी त्याला सांगा की प्रश्नातच मोठा शब्द टाक, ‘आर यू इग्झॉस्टेड?’ असा, म्हणजे ‘नो, जस्ट अ बिट टायर्ड’ असं एक पायरी खाली उतरून उत्तर देण्याचाही सराव होईल.